वळशाचे मैल

मैल बुडणार असल्याची बातमी कोटेशनरावांना बायकोच्या फोनवरून कळली. विमान कंपनीकडे त्यांनी नंबर बायकोचा देऊन ठेवला होता. स्वतःचा नंबर दिला की लोक त्यावर फोन करतात, असा त्यांचा अनुभव होता.

“अहो, तुमचे ते विमानाचे पॉइंट या महिन्याअखेर रद्द होतायत म्हणे,” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“पॉइंट नाही गं. मैल.”

“काय असतील ते. रविवारी रद्द होतायत.”

कोटेशनराव ताडकन उठले. चहा सांडला, पण त्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

कोटेशनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते, आणि तीन ठिकाणांहून दर मागवल्याशिवाय त्यांनी आजवर काहीही विकत घेतलेलं नव्हतं. एकदा दाढ दुखून जबडा भोपळ्यासारखा सुजला, तेव्हाही त्यांनी तीन दंतवैद्यांकडून लेखी दर मागवले. तिसऱ्याचा दर येईपर्यंत दाढ आपणहून पडली. आपल्या कारकिर्दीतला हा सर्वांत किफायतशीर व्यवहार, असं ते नव्या उमेदवारांना अजूनही सांगत.

तर पुरवठादारांचे कारखाने तपासायला ते वर्षानुवर्षं विमानाने हिंडले होते. तिकीट कारखान्याचं, पण प्रत्येक उड्डाणामागे कंपनी बक्षीस म्हणून जमा करते ते मैल यांचे; त्या मैलांवर पुढे फुकट तिकीट मिळे. बायकोने तितकी वर्षं पहाटे उठून त्यांची बॅग भरली होती आणि स्वतः एकदाही विमानात पाय ठेवला नव्हता. “बॅग भरण्याचे वेगळे मैल मिळतात का हो?” असं तिने एकदा विचारलं होतं. कोटेशनरावांनी नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मिळत नसल्याचं तिला खेदाने कळवलं.

“मग आता सोपंच झालं,” बायको हात पुसत बाहेर आली. “आपण दोघं अक्काकडे जाऊ या. शनिवार-रविवार राहू.”

अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. समुद्राकाठच्या एका गावात तिचं घर होतं. ते तिने विकलं होतं, आणि सोमवारी ती कायमची मुलाकडे राहायला चालली होती. दोघी बहिणींनी मुलींच्या बाळंतपणापासून नवऱ्यांच्या तक्रारींपर्यंत सगळं त्या घराच्या पायऱ्यांवर बसून उरकलं होतं. त्या पायऱ्यांवर शेवटचं एकदा बसायचं, एवढंच बायकोच्या मनात होतं. आणि जमलंच तर विमानात बसून जायचं.

“सरळ विमान आहे. तासाभरात पोचतं म्हणे,” ती म्हणाली.

“तासाभरात!” कोटेशनरावांनी छातीला हात लावला. “इतक्या वर्षांचे मैल, आणि तासाभरात उडवायचे? अगं, बसतो न बसतो तोच उतरायचं. यात मोबदला काय मिळाला?”

“अक्का मिळाली की.”

“ते झालंच. पण मैलांचं काय?”

ते लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दोन तासांनी बाहेर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठं कंत्राट दर पाडून मिळवल्यावर दिसते तशी प्रभा होती.

“शनिवारी पहाटे निघायचं,” ते म्हणाले. “पहिलं विमान वर उत्तरेला. तिथे चार तास खास कक्षात आराम. दुसरं विमान समुद्रापलीकडच्या आपल्याच बेटांवर. तिथे पुन्हा आराम. तिसऱ्या विमानाने परत अलीकडे, ते थेट अक्काच्या गावात. तिन्ही विमानांत पुढच्या केबिनमध्ये, पाय लांब करून! एका मैलाला जो मोबदला पडतो ना, तो बघून मीच दोनदा हिशेब तपासला.”

बायकोने डोळ्यांसमोर नकाशा आणायचा प्रयत्न केला. “अक्काचं गाव तर मधेच लागत असेल.”

“लागतं ना. दुसरं विमान बरोबर त्याच्यावरून जातं.”

“मग आपण तिथेच...”

“अगं, विमान आहे ते. वाटेत हात दाखवून उतरता येत नाही.”

“आणि पोचणार कधी?”

“रविवारी सकाळी.”

“म्हणजे शनिवार अख्खा हवेत.”

“पुढे बसून,” कोटेशनरावांनी आठवण करून दिली.

बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की मंजुरी मिळाली, असं कोटेशनराव धरून चालत. खरेदी विभागात चालणारी ही पद्धत घरात चालत नाही, हे त्यांना अजून कोणी लेखी कळवलेलं नव्हतं.

अडचण एकच होती. या वळशासाठी चारशे मैल कमी पडत होते. दोन जागा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कंपनीने त्यांच्यासाठी धरून ठेवल्या होत्या. तेवढ्यात मैल भरले तर ठीक, नाहीतर जागा गेल्या.

कोटेशनराव कंबर कसून कामाला लागले. विमान कंपनीच्या भागीदार दुकानांतून वस्तू घेतल्या तर मैल मिळतात, हे त्यांनी शोधून काढलं. त्यांनी नौकाविहाराच्या मासिकाची वर्गणी भरली. पाणी शुद्ध करायचं एक यंत्र मागवलं. घरात तसलंच एक आधीपासून होतं, ते शेजाऱ्यांना देऊन टाकलं. फुलांवर जास्त मैल होते, म्हणून फुलं मागवली.

गुरुवारी दुपारी दारात दोन्ही हातांत न मावणारा गुच्छ आला. लग्न झाल्यापासून त्या घरात नवऱ्याने आणलेलं फूल आलं नव्हतं. बायको गुच्छ धरून उभीच राहिली.

“अहो, हे कोणी पाठवलं?”

“मीच.”

“माझ्यासाठी?” तिचा आवाज एकदम लग्नाच्या वर्षीचा झाला.

कोटेशनराव खोटं बोलत नसत. तो त्यांच्यातला एक मोठा दोष होता. “मैलांसाठी,” ते म्हणाले.

फुलं बादलीत गेली. आणि त्यानंतर तासाभरात कोटेशनरावांनी बारीक अक्षरांतली अट वाचली. भागीदार दुकानांचे मैल खात्यात जमा व्हायला सहा आठवडे लागत होते.

दुसरा कुठलाही माणूस इथे खचला असता. कोटेशनरावांनी चष्मा पुसला. तत्काळ जमा होणारे मैल एकाच गोष्टीचे होते, प्रत्यक्ष उड्डाणाचे. म्हणजे शुक्रवारी दिवसाउजेडी कुठेतरी जाऊन यायला हवं होतं. कुठे, याला महत्त्व नव्हतं. जाणं आणि येणं, दोन्ही मिळून चारशेच्या वर मैल भरले की झालं. त्यांनी रीतसर तीन ठिकाणांचे दर काढले. पहिल्या ठिकाणाहून परतीचं विमान संध्याकाळची मुदत टळल्यावर उतरत होतं, दुसऱ्याच्या विमानात जागाच उरली नव्हती. तिसरं सगळ्या दृष्टींनी उत्तम निघालं. दुपारी पोचायचं आणि चाळीस मिनिटांत त्याच विमानाने परतायचं.

ते अक्काचं गाव होतं.

या योगायोगात खटकण्यासारखं काही आहे, असं कोटेशनरावांना मुळीच वाटलं नाही. दर कमी होता.

“उद्या जरा विमानाने जाऊन येतो,” रात्री जेवताना ते म्हणाले.

“ऑफिसचं काम?”

“तसंच म्हण.”

“बॅग भरू?”

“बॅग नको.”

बायकोने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत बॅग नको म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

शुक्रवारी दुपारी विमान उतरलं. कोटेशनराव इतर प्रवाशांबरोबर खाली उतरले, इमारतीत शिरले आणि एका दाराने बाहेर पडून दुसऱ्या दाराने पुन्हा आत आले. विमानतळ चिमुकला होता. प्रवासी तपासणारी सुरक्षा अधिकारी बाई त्यांना बाहेर पडताना पाहून नुकतीच वळली होती. वळून बघते तो हेच गृहस्थ समोर.

“काही राहिलं का आत?”

“नाही. परत चाललोय.”

“सामान?”

“नाही.”

“इथे कोणाकडे आला होता?”

“कोणाकडेच नाही.”

“मग आला होता कशाला?”

“परत जायला,” कोटेशनराव म्हणाले.

बाईंनी त्यांना एका बाजूच्या खोलीत बसवलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलाला चिकटलेली बाईंची नजर होती, जी आता उचलून कोटेशनरावांवर लावण्यात आली.

“या गावात ओळखीचं कोणी आहे?”

“मेहुणी आहे. थोरली.”

“त्यांना भेटणार नाही?”

“भेटणार ना. रविवारी.”

“आज शुक्रवारी इथे आलायत. तरी भेटणार रविवारी.”

“मॅडम, आज मी तिच्याकडे आलेलो नाही. आज मी तिच्याकडे येण्यासाठी लागणारे मैल मिळवायला आलोय.”

बाई अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

कोटेशनरावांना अशा प्रश्नांची सवय होती. त्यांनी बोर्डिंग पास उलटा केला, पेन काढलं आणि बाईंना सगळं समजावून दिलं. पहिलं विमान, दुसरं विमान, खास कक्ष, वळसा, कमी पडणारे चारशे. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या आधी वाढल्या, मग एकेक करून विरल्या. असा माणूस विमानाला धोका पोचवणार नाही, पोचवलाच तर घरच्यांना पोचवेल, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी उठून दार उघडलं.

“जा. विमान लागलंय. पंधरा मिनिटं आहेत.”

“आभारी आहे.” कोटेशनराव दारापर्यंत गेले.

“माझेसुद्धा आहेत हो थोडे मैल,” बाई मागून सहज म्हणाल्या. “मी आपला मिक्सर घेऊन टाकणार आहे त्यांच्यावर.”

कोटेशनराव थबकले.

“काय घेणार आहात?”

“मिक्सर. देतात ना ते.”

कोटेशनरावांनी दार आतून लोटलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. “मॅडम, बसा.”

“अहो, तुमचं विमान...”

“दोन मिनिटं लागतील. मिक्सर? मॅडम, मिक्सर! तुम्ही हे मैल रक्ताचं पाणी करून कमावलेत.”

“नवऱ्याने कमावलेत. त्याची फिरती असते.”

“मग तर बोलायलाच नको. किती आहेत? बरं. आता असं बघा...”

बाहेर शेवटची सूचना झाली. कोटेशनराव तेव्हा मिक्सरच्या बाजारभावाला मैलांनी भागत होते. त्यानंतर आणखी एक सूचना झाली. तोपर्यंत सामान तपासणारे दोघे दारात येऊन उभे होते, आणि त्यांतल्या एकाने स्वतःचे मैल कॅमेऱ्यावर घालवल्याचं कबूल केल्यामुळे त्याचं सांत्वन करणं भाग होतं. शेवटी बाईंनी मिक्सरचा नाद सोडला आणि आईला घेऊन मोठ्या प्रवासाला जायचं ठरवलं. कोटेशनराव समाधानाने उठले. तेवढ्यात खिडकीची काच थरथरली.

“ते आपलं विमान का?” सामान तपासणाऱ्याने वर बघत विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. विमान समुद्रावरून एक सुरेख वळण घेऊन दिसेनासं झालं. आज परतीचं दुसरं विमान नव्हतं. परतीचे मैल गेले, त्यामुळे चारशे भरले नाहीत, त्यामुळे संध्याकाळी दोन्ही जागा जाणार. शिवाय पहाटेच्या विमानासाठी बायको एका गावात आणि आपण दुसऱ्या गावात, ही बाब होतीच.

कोटेशनरावांनी घरी फोन लावला.

“अगं, मी बोलतोय. जरा घोटाळा झालाय. माझं विमान चुकलं.”

“कुठे आहात?”

कोटेशनरावांनी घसा साफ केला. “अक्काच्या गावात.”



“अक्काच्या गावात,” बायको एकेक शब्द तपासून घेत म्हणाली. “कशाला गेला होतात?”

कोटेशनरावांनी सांगितलं. सगळं सांगितलं. दर कमी होता, हेही सांगितलं.

“म्हणजे मला अक्काकडे न्यायला मैल कमी पडत होते, म्हणून तुम्ही अक्काकडे गेलात. आणि अक्काला न भेटता परत येणार होतात.”

“असं एकदम ऐकल्यावर जरा...”

“तिथेच थांबा,” बायको म्हणाली. “अक्काकडे जा. हलायचं नाही.” आणि तिने फोन ठेवला.

कोटेशनराव चालत अक्काच्या घरी गेले. घर विमानतळापासून इतकं जवळ होतं की त्यांना मनातल्या मनात थोडी लाज वाटली. अक्काने दार उघडलं. एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात कात्री, केसांवर धूळ.

“भाऊजी!” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “अगंबाई, तुम्ही? आज? मी सकाळपासून एकटी या खोक्यांशी झटतेय. एक माणूस फिरकला नाही हो. आणि तुम्ही दोन दिवस आधी, पुढे होऊन, मदतीला!”

कोटेशनराव खोटं बोलत नसत. पण खरं बोलायला तोंड उघडेपर्यंत अक्काने त्यांच्या हातात कपाटाचं एक टोक दिलं होतं.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोटेशनरावांनी दोन कपाटं, एक शिवणयंत्र, पितळी भांड्यांची सात खोकी आणि अक्काच्या दिवंगत यजमानांचा पुस्तकांचा ढीग माडीवरून खाली उतरवला. मधेमधे शेजारणी डोकावत होत्या, आणि प्रत्येकीला अक्का सांगत होती, “हे माझ्या धाकटीचे यजमान. मुद्दाम विमानाने आले. बॅगसुद्धा घेतली नाही, इतक्या तातडीने.” शेजारणी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत, तसं त्यांच्याकडे आजवर फक्त पुरवठादारांनी पाहिलं होतं, तेही बिल मंजूर होईपर्यंत.

दिवेलागणीला फाटक वाजलं. बायको आत आली. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात कोटेशनरावांची. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, हसल्या, आणि अक्का चहा टाकायला आत पळाली.

“अगं, तू? कशी आलीस?”

“विमानाने. तुम्हाला सोडून गेलं ना, तेच संध्याकाळी इथे मुक्कामाला येतं. त्यात एक जागा होती.”

“आणि तिकीट?”

“तुमच्या मैलांवर. सगळे निरोप माझ्याच फोनवर येतात. दोनदा बोट लावलं, झालं.”

कोटेशनराव पायरीवर बसले. तासाभराचा प्रवास, मागची जागा. हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. बायको त्यांच्या शेजारी बसली. तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती वर बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “खाली सगळं झाकोळून आलं होतं. विमान त्या ढगात शिरलं, मी घट्ट डोळे मिटले. उघडले तर वर लख्ख ऊन! खाली ढगच ढग, पिंजलेल्या कापसासारखे, आणि त्यावर आपल्याच विमानाची इवलीशी सावली पळतेय.” मग ती त्यांच्याकडे वळली. “वर ऊन असतं, हे तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत.”

कोटेशनराव गडबडले. ते नेहमी कडेची जागा घेत. लवकर उतरता यायचं.

“लक्षात नाही आलं,” ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, “खिडकीतून सावली दिसते?”

“दिसते. भोवती गोल इंद्रधनुष्यसुद्धा असतं.”

ज्याचा दर मागवता येत नाही, असं काही समोर आलं की कोटेशनरावांची पंचाईत होई. शेवटी ते ओळखीच्या जमिनीवर आले. “उरलेले मैल तरी जपून वापरू. रविवारपर्यंत वेळ आहे. एक चांगला मार्ग माझ्या डोक्यात...”

“उरले नाहीत.”

“काय?”

“सोमवारी अक्काचं आणि माझं तिकीट काढलं, तिच्या मुलाच्या गावाचं. तिला एकटीला कसं पाठवायचं? पंधरा दिवस राहून तिचं घर लावून देते. मग माझं परतीचं. सगळी सरळ विमानं, सगळ्या खिडकीच्या जागा. खिडकीला जास्त मैल घेतात म्हणे, म्हटलं घ्या.”

कोटेशनरावांनी तोंड उघडलं. त्यातून बाहेर पडण्यासाठी एवढे आकडे एकदम धावले की दारातच त्यांची कोंडी झाली.

“यात मोबदला...” एवढंच कसंबसं निघालं.

“सांगू का अक्काला,” बायको अगदी गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही आज कशासाठी आला होतात ते?”

आतून अक्काचा आवाज येत होता. ती खिडकीतून पलीकडच्या शेजारणीला सांगत होती, “अगं, माणूस आहे की देव! कपाटं एकट्याने उतरवली.”

कोटेशनरावांनी तोंड मिटलं.

अक्का चहा घेऊन आली आणि दोघांच्या मधे पायरीवर बसली. सोमवारच्या तिकिटाचं कळल्यावर तिने पुन्हा एकदा डोळे पुसले. “भाऊजी, इतकी वर्षं साठवलेलं तुम्ही आमच्या दोघींवर खर्च केलंत. कसे हो तुम्ही!”

“त्यात काय,” कोटेशनराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सरळ सरळ खोटं बोलत होते, आणि ते वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. “हे असंच माझ्या मनात होतं.”

“आणि तुम्ही परत कसे जाणार? विमानानेच ना?”

“ह्यांचं तिकीट नाही,” बायको चहात बघत म्हणाली.

“मी बसने जाईन,” कोटेशनराव निर्धाराने म्हणाले.

“बसने?” अक्का कळवळली. “अहो, आज एवढी कपाटं उचललीत! आणि एक बस सरळ जाते ती ठीक, सहा तासांत सोडते. पण सोमवारी दुसरीच असते, ती मेली डोंगराकडून जाते. गावोगाव थांबते. बारा तास खाते, आणि तिकीट मात्र तेवढंच घेते.”

कोटेशनरावांनी कप खाली ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“तेवढंच?” त्यांनी विचारलं.